रील्समधली ड्रिफ्टवाली रिमोट कार घ्यायचीये? मग आधी तुमच्याकडची फरशी बघा

रील्स बघता बघता मध्येच एक व्हिडिओ येतो. गुळगुळीत फ्लोअरवर दोन गाड्या, एकमेकींना जवळपास चिकटून, तिरक्या होत वळण घेतायत. गाडीचं तोंड एकीकडे, पुढची चाकं दुसरीकडे. ही खरी गाडी आहे की खेळणं, हे काही सेकंद कळतच नाही. मग फ्रेममध्ये कुणाचे तरी बूट दिसतात आणि आपल्या डोक्यात किडा शिरतो. आपणपण घ्यायची.

सर्च केलं की ‘ड्रिफ्ट कार’ नावाच्या ढीगभर गाड्या समोर येतात. काही मोबाईलच्या कव्हरच्या किमतीत, काही मोबाईलच्याच किमतीत. फोटो सगळ्यांचे भारी. आणि पैसे वाया जातात ते इथेच.

कारण ड्रिफ्ट म्हणजे नुसतं घसरणं नाही. मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडायची, गाडीची शेपूट बाहेर जाऊ द्यायची आणि पुढची चाकं वळणाच्या उलट दिशेला फिरवून ती घसरण सांभाळायची. याला काउंटर स्टिअरिंग म्हणतात. जपानच्या घाटरस्त्यांवर हे वेड वाढलं, केइची त्सुचिया या रेसरने ते गाजवलं, १९९५ साली सुरू झालेल्या ‘इनिशियल डी’ या मांगाने ते घराघरात नेलं. आपल्याकडे बऱ्याच जणांना ते कळलं २००६ च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ पिक्चरमुळे. रिमोटच्या गाड्यांचं ड्रिफ्टिंगही जपानमध्येच रुजलं. सुरुवातीला हौशी पोरं चाकांवर चक्क पीव्हीसी पाइपचे तुकडे चढवायची. हो, तोच आपला प्लंबिंगचा पाइप.

त्या पाइपातच सगळी गोम आहे. ड्रिफ्ट गाडीला रबरी टायर नसतात, कडक प्लास्टिकचे असतात. ते फरशीला धरत नाहीत म्हणून गाडी कमी वेगातही घसरते. त्यामुळे जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेला टॉप स्पीड तुमच्या काहीच कामाचा नाही. रील्समधल्या त्या गाड्याही वाटतात त्यापेक्षा हळूच चालत असतात.

म्हणूनच पहिला प्रश्न कुठली गाडी हा नाही, चालवणार कुठे हा आहे.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर विषय अवघड आहे. गाडी जमिनीपासून अगदी थोडी वर असते, प्रत्येक फटीवर उडते आणि ड्रिफ्ट तुटतो. डांबरी रस्ता कडक टायरला कानशीसारखा घासून काढतो. गच्चीवर चायना मोझॅक असेल तर तेही खडबडीतच. चांगलं काय? घोटलेलं सिमेंट, पॉलिश केलेली शहाबादी किंवा कोटा, सांधे बुजवलेल्या मोठ्या टाइल्स. आणि ती जागा झाडून घ्या, कारण वाळूचा एक कणही या गाडीला जाणवतो. हॉलच्या पलीकडे जागाच नसेल तर १:१० स्केलची मोठी गाडी घेऊ नका, ती सोफ्याच्या पायावरच आपटत राहील. तिथे १:२८ च्या आसपासची, तळहातावर मावणारी गाडी बरी. क्योशोची मिनी-झेड मालिका याच आकारातली.

आता गाडीकडे. ऑर्डर करण्याआधी एकच गोष्ट विचारायची असेल तर ही विचारा: स्टिअरिंग प्रपोर्शनल आहे का? म्हणजे रिमोटचं चाक थोडं फिरवलं तर गाडीची चाकं थोडीच वळतात का? खेळण्यातल्या गाडीत तसं नसतं. तिथे चाकं एक तर पूर्ण डावीकडे, नाहीतर पूर्ण उजवीकडे. थ्रॉटलचंही तेच, बंद किंवा फुल्ल. अशा गाडीला प्लास्टिकचे टायर लावले की ती घसरते, गोल गोल फिरतेही, पण तुम्ही ती घसरण सांभाळू शकत नाही. बॉक्सवर ‘ड्रिफ्ट’ कितीही मोठं लिहिलेलं असू दे. विक्रेत्याकडे चाकं हळूहळू वळतानाचा व्हिडिओ मागा. त्याने टाळाटाळ केली तर उत्तर मिळालं.

पुढचा निर्णय चारचाकी ड्राइव्हचा की फक्त मागच्या चाकांचा. चारही चाकांना ताकद असेल तर पुढची चाकं गाडीला घसरणीतून ओढून बाहेर काढतात, गाडी लगेच गरकन फिरत नाही. शिकायला सोपं. टामियाची टीटी-०२डी हे याचं जुनं, भरवशाचं उदाहरण. मधून एक शाफ्ट, चारही चाकं एकत्र. पण या गाडीचा ड्रिफ्ट रील्ससारखा दिसत नाही. पुढची चाकं जवळपास सरळच राहतात.

ते तिरकं, नाट्यमय काउंटर स्टिअरिंग हवं असेल तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यावी लागते. हिची पुढची चाकं ६० अंशांच्याही पुढे वळतात. पण ही गाडी माणसाच्या बोटांना ऐकत नाही, एवढी चटकन गरकते. म्हणून तिच्यात गायरो लागतो. रिसीव्हर आणि स्टिअरिंगचा सर्वो यांच्यामध्ये बसणारी ही छोटी डबी. शेपूट किती वेगाने फिरतेय हे ती ओळखते आणि तुमच्या आधी पुढची चाकं उलट वळवते. आता कुणी म्हणेल, मग आपण काय केलं? थ्रॉटल. ड्रिफ्ट किती लांब न्यायचा, किती तिरका ठेवायचा, हे सगळं उजव्या-डाव्यापेक्षा त्या ट्रिगरवरच्या बोटावर असतं.

माझं मत विचाराल तर आज सुरुवात करणाऱ्याने थेट मागच्या चाकांची, गायरोवाली गाडीच घ्यावी. एकत्र जमून चालवणारे बहुतेक जण आता याच प्रकारावर आलेत, आणि दोन प्रकारच्या गाड्या एका ओळीत नीट चालत नाहीत. तैवानच्या एमएसटीच्या आरएमएक्स मालिकेत तयार, बॉक्समधून काढून चालवायच्या गाड्या मिळतात. जपानच्या योकोमोकडे त्याच धाटणीचे किट आहेत. किट म्हणजे स्क्रूपासून स्वतः जोडायचं आणि रिमोट, सर्वो, बॅटरी, चार्जर बहुतेकदा वेगळे घ्यायचे. किटची किंमत बघून खूश होण्याआधी ही बेरीज करा.

एवढे पैसे आत्ताच घालायचे नसतील तर डब्ल्यूपीएलची डी१२ बघा. सुझुकी कॅरी मिनी ट्रकची नक्कल, म्हणजे आपल्या ओम्नीची चुलत बहीणच. मोटर चिमुकली आहे, पण स्टिअरिंग प्रपोर्शनल आहे आणि ताकद मागच्या चाकांना आहे. स्वस्त गाडीत नंतर गायरो बसवायचा विचार असेल तर सर्वोच्या वायर मोजा. तीन असतील तर सोपं. पाच असतील तर नेहमीचा गायरो थेट जोडता येत नाही.

किमती एवढ्या का, तर त्याचंही कारण आहे. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशी साइटवर स्वस्त दिसणारी गाडी दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही. म्हणून ज्या मॉडेलचे सुटे भाग देशातल्या दुकानात मिळतात तेच घ्या. पहिल्या महिन्यात भिंतीला धडकून पुढचा आर्म तुटणारच, आणि दीडशे रुपयांच्या प्लास्टिकसाठी महिनाभर गाडी कपाटावर पडून राहिली तर नाद तिथेच सुटतो.

बॅटरीत काटकसर नको. लायपो असेल तर बॅलन्स चार्जरच वापरा, प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर अजिबात नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही, ‘एकदाच’ म्हणूनसुद्धा नाही. घरात लहान पोरं असतील तर सुरुवातीला निकेल-मेटलवाली बॅटरी बरी. थोडी जड, पण शांत स्वभावाची.

गाडी आली की पळवण्याआधी ती चालू करून जमिनीवर ठेवा आणि शेपूट हाताने झटकन उजवीकडे सरकवा. पुढच्या चाकांनी गाडीबरोबर न वळता मूळ दिशेकडेच बघायला हवं. उलट वळली तर गायरोचं रिव्हर्सचं बटण बदला, नाहीतर गाडी खराब आहे म्हणून परत पाठवाल. चाकं सरळ चालतानाही थरथरत असतील तर गायरोचा गेन थोडा कमी करा.

मग फरशीच्या मधोमध एक चप्पल ठेवा आणि तिच्याभोवती एकाच दिशेने गोल ड्रिफ्ट करत राहा. तो गोल न तुटता जमला की दिशा बदला. मग दुसरी चप्पल ठेवा आणि इंग्रजी आठचा आकडा काढा.