पगारातून कापलेले ईएसआयचे पैसे आपल्या कामी येतात का?

साताऱ्याच्या एमआयडीसीत किंवा कुपवाड-मिरजेच्या कारखान्यांत आपल्या वस्त्यांमधली अनेक माणसे कामाला जातात. त्यांच्या पगारपत्रकावर दर महिन्याला ‘ईएसआय’ नावाची एक छोटी कपात असते. पैसे कापले जातात हे सगळ्यांना माहीत असते, पण घरात आजारपण आले की पहिली धाव खासगी दवाखान्याकडे आणि दुसरी सावकाराकडे जाते. कापलेल्या पैशाचा हक्क तसाच पडून राहतो. म्हणून या वेळी आम्ही त्याचा नीट हिशेब मांडत आहोत.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. त्या पायावर 1948 चा कायदा उभा राहिला. तेव्हा ही कोणाची मेहेरबानी नाही, हा कामगाराचा हक्क आहे.

पैसे किती जातात? 2019 पासून कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक स्वतःचे 3.25 टक्के भरतो. पगार 14 हजार असेल तर आपले 105 रुपये आणि मालकाचे 455, असे महिन्याला 560 रुपये जमा होतात. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना योजना लागू आहे. 2017 पासून पगाराची मर्यादा महिना 21 हजार आहे. सहामाहीच्या मध्येच पगार या मर्यादेच्या वर गेला, तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात आणि हक्क दोन्ही चालू राहतात.

हे बचत खाते नाही. कापलेले पैसे साठत नाहीत, नोकरी सोडताना परतही मिळत नाहीत. त्यांचा मोबदला म्हणजे उपचार आणि आजारपणातला भत्ता. तो वेळेत घेतला नाही, तर हातचा जातो.

उपचार कोणाला? कामगाराबरोबर त्याची पत्नी किंवा तिचा पती, मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील यांना उपचार मिळतात. मात्र त्यांची नावे नोंदलेली हवीत. लग्न झाले, मूल झाले, आई गावाहून राहायला आली, की लगेच नाव चढवून घ्या. आधी आपल्याला नेमून दिलेल्या ईएसआय दवाखान्यात जावे. मोठा उपचार लागला तर तिथून चिठ्ठी मिळते आणि पुढच्या रुग्णालयात पाठवतात. जीवावरच्या प्रसंगी जवळच्या रुग्णालयात न्यावे लागले, तर प्रत्येक बिल आणि कागद जपून ठेवा. खर्चाच्या भरपाईसाठी अर्ज करता येतो.

दिवसांचा हिशेब महत्त्वाचा. आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये भत्ता मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमध्ये मिळतो. समजा ठेकेदाराने पावसाळ्यात दोन महिने घरी बसवले. दिवस 78 च्या खाली गेले, तर त्याचा फटका पुढच्या जानेवारीत बसेल. म्हणून हजेरी स्वतःच्या वहीत लिहून ठेवा.

भत्ता रोजच्या सरासरी मजुरीच्या 70 टक्के असतो आणि वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतो. पाचशे रुपये रोज असेल तर दिवसाला 350 रुपये. आजाराचे पहिले दोन दिवस साधारणपणे धरले जात नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दाखला घेतल्याशिवाय घरी बसू नका.

बाळंतपणासाठी बाईला पहिल्या दोन वेळेस 26 आठवडे पूर्ण मजुरी मिळते. त्यासाठी आधीच्या दोन सहामाहींत मिळून 70 दिवसांची वर्गणी पुरते. कामावर अपघात झाला तर 90 टक्के मजुरी मिळते आणि तिथे वर्गणीच्या दिवसांची अट नाही. मात्र अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या.

ठेकेदार पैसे कापतो, पण भरतो का? हा प्रश्न आपल्या लोकांसाठी सर्वांत मोठा आहे. प्रत्येक कामगाराला दहा आकडी विमा क्रमांक मिळतो. तो मागून घ्या. ‘उमंग’ ॲपवर त्या क्रमांकाने किती महिने, किती दिवस भरले ते दिसते. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला दर तीन महिन्यांनी हे पाहायला सांगा. ठेकेदाराने भरले नाही, तर ती जबाबदारी मूळ मालकावर येते. तक्रारीसाठी 1800-11-2526 हा मोफत क्रमांक आहे. तक्रार एकट्याने करण्यापेक्षा चार-पाच कामगारांनी मिळून लेखी करावी.

ईएसआय नसेल तर? धुणीभांडी, शेतमजुरी, बिगारी करणाऱ्या घरांनी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना पाहावी. तिथे कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षात जात नाही. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. चौकशीसाठी 155388.

येत्या रविवारी घरात एवढे करा: पगारपत्रक काढा, विमा क्रमांक पाहा, घरातल्या सर्वांची नावे चढली आहेत का ते तपासा. हे कागद रेशनकार्डासोबत एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या सर्वांना माहीत असू द्या. आजारपण आल्यावर कागद शोधत बसण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.