वेदनेचे शब्द : रुग्णाचे, शास्त्राचे आणि इंग्रजीचे

सुरत–भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. तेथील उद्घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत होतात. याच गावातील वैद्याच्या चिकित्सालयात या चारांखेरीज मावची, भिल्ली, अहिराणी अशा बोलीही नित्य ऐकू येतात. गाडीची वेळ कोणत्याही भाषेत कळते. पोटातील कळ मात्र रुग्ण आपल्याच बोलीत सांगतो. त्याला पुढे व्यारा किंवा सुरतेस पाठवायचे झाल्यास सोबतची चिठ्ठी इंग्रजीत लिहावी लागते. म्हणजे रुग्णाची बोली, वैद्याची संस्कृत संज्ञा आणि चिठ्ठीतील इंग्रजी असा त्या एका वेदनेचा तीन मुक्कामांचा प्रवास होतो. या प्रवासात काय गळून पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन शब्दसूची

रुग्णांना वेदना सांगण्यासाठी इंग्रजीत किती शब्द आहेत, याचा पद्धतशीर शोध कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी घेतला. १९७१ साली त्यांनी टॉर्गर्सन यांच्यासह असे १०२ शब्द वर्गवारी करून मांडले. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅकगिल पेन क्वेश्चनेअर’ या प्रश्नावलीत ७८ शब्द २० गटांत घेतलेले आहेत. थ्रॉबिंग, शूटिंग, स्टॅबिंग, क्रॅम्पिंग, बर्निंग, टिंगलिंग हे शब्द वेदनेचे स्वरूप सांगतात. काही शब्द तिने आलेला थकवा व भय सांगतात, तर काही तिची असह्यता. निव्वळ ‘किती दुखते?’ असे विचारून भागत नाही, ‘कसे दुखते?’ हेही विचारले पाहिजे, हा या प्रश्नावलीचा गाभा होय.

आपल्या वाचकांस हे नवे वाटू नये. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात व्रणाच्या वेदना दोषानुसार सांगितल्या आहेत. वातामुळे तोदन, भेदन, ताडन, छेदन, मंथन, चुमचुमायन, स्तंभन, स्वप्न, आकुंचन. पित्तामुळे ओष, चोष, परिदाह. कफामुळे कंडू, गुरुत्व, सुप्तता व अल्पवेदना. टोचणे, फोडणे, मारणे, घुसळणे, भाजणे या क्रियांवरून वेदनेला नाव देण्याची रीत दोन्ही सूचींत सारखी आहे. भेद आहे तो प्रयोजनात. सुश्रुतांची सूची दोष ओळखण्यासाठी आहे, मेलझॅक यांची वेदनेचे मापन करण्यासाठी. त्यामुळे ‘तोद’ म्हणजे ‘प्रिकिंग’ असे समीकरण शब्दापुरते खरे असले, तरी ‘तोद’ लिहिताना वैद्याने वाताचे अनुमान केलेले असते. ‘प्रिकिंग’ लिहिताना तसे कोणतेही अनुमान नसते.

रुग्ण वेदना कशी सांगतो

मराठी रुग्ण वेदनेला विशेषण फारसे लावत नाही. तो घडलेले सांगतो. डोके ठणकते, पाय ओढतात, पाठीत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, जखम ठसठसते, डोळे चुरचुरतात, अंग मोडून येते, कमरेतून कळ निघते. म्हणून ‘दुखणे कसल्या प्रकारचे आहे?’ या प्रश्नावर रुग्ण गप्प बसतो, आणि ‘नेमके काय होते?’ असे विचारताच भडाभडा बोलू लागतो. शिवाय ‘दुखणे’ म्हणजे वेदनाही आणि आजारही. ‘दुखणे केव्हापासून?’ या प्रश्नाचे उत्तर यांपैकी कशाबद्दल आहे, हे पडताळून पाहावे.

सीमेवरील गावात आणखी सावधगिरी हवी. गुजराती रुग्ण ‘बळे छे’ म्हणतो तेव्हा त्याला आग होत असते. त्याचा मराठी ‘बळ’ शब्दाशी संबंध नाही. त्याची ‘चूंक’ म्हणजे पोटातील मुरडा, आणि ‘कळतर’ म्हणजे अंगदुखी. मावची किंवा भिल्ली बोलणाऱ्या रुग्णाच्या शब्दाचा अर्थ त्याच्या नातेवाइकाकडून समजून घ्यावा, आणि शक्य तेथे रुग्णास हाताने दाखवावयास सांगावे. एका बोटाने दाखवलेली जागा आणि सबंध पंजा फिरवून दाखवलेली जागा यांत फरक असतो.

जेथे शब्द जिवाशी येतो

विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ साली लंडन येथे हृदयाच्या एका विकाराचे वर्णन केले आणि त्यास ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. त्यातील ‘अँजायना’ शब्दाच्या मुळाशी गळा आवळण्याचा अर्थ आहे. आजही असा रुग्ण ‘छाती दुखते’ असे म्हणेलच असे नाही. तो म्हणतो, छाती भरून आली, आवळल्यासारखे वाटते, दडपण आले, किंवा ‘गॅस झाला’. औषध दुकानदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. गॅसची गोळी मागणाऱ्या गिऱ्हाईकास घाम सुटला आहे का, चालताना त्रास वाढतो का, कळ हातात किंवा जबड्यात जाते का, एवढे विचारावे. उत्तर होकारार्थी असल्यास गोळीवर न भागवता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. हाडे, पाठ, पोट यांत पुन्हा पुन्हा उठणारी तीव्र वेदना हे त्याचे मुख्य लक्षण. थंडी, ताप, श्रम किंवा पाणी कमी पडणे ही निमित्ते. लहान बालकाचे हातपाय सुजतात. ‘सांधे दुखतात’ एवढेच ऐकून आमवात म्हटले, अथवा चिठ्ठीत नुसते ‘जॉइंट पेन’ लिहिले, तर वारंवारता, निमित्त आणि वय हे तिन्ही धागे तुटतात. अशा रुग्णाची रक्ततपासणी करवून घ्यावी. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीची योजना आहे. सिकलसेलच्या रुग्णास ताप, छातीत दुखणे वा धाप असल्यास विलंब करू नये.

चिठ्ठी लिहिताना

काही इंग्रजी शब्द आपल्याकडे चुकीच्या अर्थाने रुळले आहेत. ‘क्रॉनिक’ म्हणजे जुने, तीव्र नव्हे. ‘अक्यूट’ म्हणजे अलीकडे उद्भवलेले. तीव्रतेसाठी ‘सिव्हिअर’ हा निराळा शब्द आहे. ‘टेंडरनेस’ म्हणजे दाबल्यावर होणारी वेदना. ती आपण तपासून लिहावयाची, रुग्णाच्या सांगण्यावरून नव्हे. ‘कोलिक’ म्हणजे थांबून थांबून येणारी कळ. सतत दुखणाऱ्या पोटाला तो शब्द लावू नये.

चरकांनी मन आणि इंद्रियांसह शरीर ही दोन्ही वेदनेची अधिष्ठाने मानली. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना असे नमूद केले की, रुग्ण वेदना सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, आणि बोलता न येणाऱ्यालाही वेदना असू शकते.

म्हणून वैद्यवर्गास एक सूचना आहे. रुग्णपत्रकात पहिली ओळ रुग्णाच्या शब्दांसाठी राखून ठेवावी आणि ते शब्द जसे उच्चारले तसे देवनागरीत लिहावेत. त्याखाली आपली संज्ञा, आणि गरज असेल तेव्हा त्याखाली इंग्रजी शब्द. खालच्या दोन ओळींत चूक झालीच, तर ती सुधारण्यासाठी पहिली ओळ शाबूत राहील.