दोनशेचा आकडा

‘‘मॅडम, सुई तं नाही ना लावत?’’ मारेगाव तालुक्यातून पहाटेच्या एसटीने नागपूरला आलेल्या आईने आधी हेच विचारलं.

‘‘नाही ताई, नुसतं जेल.’’

यवतमाळ जिल्ह्यात सिकलसेल नवा नाही. मारेगाव, झरी जामणी, केळापूरच्या आदिवासी वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. हातपाय ठणकायला लागले की घरात सगळ्यांना कळतं. मेंदूची रक्तवाहिनी अरुंद होत जाते तेव्हा मात्र काहीच दुखत नाही. कळतं ते लकवा मारल्यावर. तो धोका आधीच ओळखणारी तपासणी म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर. ती मी शेजारी बसून पाहिली.

त्या आईचा मुलगा पाठीवर झोपला. टेक्निशियन बाईंनी कानापुढे, गालाच्या हाडाच्या जरा वर जेल लावून प्रोब टेकवला. कवटी इथे पातळ असते, म्हणून २ मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी इथून आत शिरतात. आधी नुसती खरखर. प्रोब जागच्या जागी ठेवून बाई त्याचा रोख केसभर बदलत राहिल्या. एकदम ‘हुश्श, हुश्श’ असा ठेका लागला आणि पडद्यावर टोकदार उंचवटे धावू लागले. ‘‘एमसीए सापडली,’’ बाई म्हणाल्या. एमसीए म्हणजे मेंदूची मधली मुख्य धमनी. मग दोन-दोन मिलिमीटर आत जात प्रत्येक ठिकाणचा वेग टिपणं सुरू झालं.

मुलाचे डोळे मिटायला लागले. ‘‘झोपू नको हं बेटा, शाळेत काय काय शिकवतात सांग.’’ झोपेत रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि वेग उगाच जास्त दिसतो. अंगात ताप असला तरी आकडा फसवतो.

ओलिताच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच इथे : रक्तवाहिनी अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत असेल तर वर्षाने परत या. १७० ते १९९ असेल तर लवकर या. २०० किंवा जास्त आला, की तपासणी पुन्हा करून खात्री करतात आणि नियमित रक्त चढवण्याचा विचार होतो. अमेरिकेतल्या १९९८ च्या ‘स्टॉप’ अभ्यासात २०० च्या पुढे गेलेल्या मुलांपैकी शंभरात सुमारे दहांना दर वर्षी पक्षाघात होत होता. नियमित रक्त दिल्यावर हे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटलं.

डॉपलर वेग सांगतं, रक्तवाहिनीचं चित्र दाखवत नाही. चित्र हवं तर एमआर अँजिओग्राफी. तिथेही बहुधा सुई नसते, पण त्या खडखडाटात मुलाला निपचित पडून राहावं लागतं. मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. उतारवयात हाड जाड होऊन लहरी आत जातच नाहीत, असंही घडतं. शिवाय मोठ्यांवरच्या २००७ च्या ‘सोनिया’ अभ्यासाने दाखवलं, की या दोन्ही तपासण्यांनी ‘अडथळा नाही’ म्हटलं तर बरंचसं खरं मानावं. ‘आहे’ म्हटलं तर दुसऱ्या तपासणीने पडताळावं.

डॉपलरचं यंत्र टेबलावर मावतं, पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयातही मावेल. खरी गरज आहे ती शिकलेल्या हाताची. तोवर एसटीचा प्रवास चुकत नाही, पण तो टाळू नका. घरात २ ते १६ वर्षांचं सिकलसेलचा आजार (एसएस) असलेलं मूल असेल, तर ते ठणठणीत दिसत असलं तरी डॉक्टरांना विचारा : याच्या डोक्याचं डॉपलर या वर्षी झालं का?