टाके घालून झाल्यावर

रविवारी सकाळी सहाच्या सुमाराला कॅज्युअल्टीत एक ठरलेला वास असतो. फिनेल, बीटाडीन आणि रात्रीची शिळी दारू. रात्रपाळीच्या सिस्टर वही पूर्ण करत असतात, मामा फरशी पुसत असतात, आणि निरीक्षणाच्या खाटांवर शनिवारच्या रात्रीतले तीन-चार जण डोळे उघडत असतात. माझं समुपदेशनाचं काम तेव्हा सुरू होतं.

नवी होते तेव्हा मी रात्रीच बोलायला जायचे. अंमल चढलेला माणूस सगळं कबूल करतो, रडतो, पाया पडतो आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. आता मी थांबते. आपण कुठे आहोत, कसे आलो, आज वार कोणता हे त्याने नीट सांगितलं आणि चहा पोटात टिकला, की स्टूल ओढून बसते.

त्या रविवारी पहिला होता एमआयडीसीतला एक वेल्डर, पस्तिशीचा. पगाराचा शनिवार, आणि बाइक दुभाजकावर गेलेली. भुवईच्या वर सहा टाके, सोललेलं कोपर, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं, सीटी स्कॅन चांगला. उशाशी बायको उभी. तिच्या हातात त्याचं हेल्मेट होतं, एकही ओरखडा नसलेलं. ते हँडलला अडकवलेलं होतं.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मॅडम, ह्यांना पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा. नाहीतर माळ तरी घालू दे."

माळेने दारू सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण ती त्याने स्वतःहून घालायची असते. मी तिला म्हटलं, "ताई, तुमच्याशी मी नंतर सावकाश बोलणार आहे. आत्ता दहा मिनिटं बाहेर बाकावर बसाल?" हे सांगताना मला दरवेळी जड जातं. तिने सगळी रात्र उभ्याने काढलेली असते. पण ती समोर असेपर्यंत नवरा तिलाच उत्तरं देत राहतो.

तो माझ्याकडे बघत नव्हता. रात्री एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, झालेली, पोलिसांनी रक्ताचा नमुना घ्यायला लावलेला, त्यामुळे कागद हातात घेऊन आलेलं प्रत्येक माणूस त्याला पोलीसच वाटत होतं.

"दादा, मी पोलिसांकडून आलेली नाही. दारूबद्दल चार गोष्टी विचारल्या तर चालेल का?"

हे 'चालेल का' खरोखर विचारायचं असतं. कुणी 'नाही' म्हणालं तर मी उठते, आणि त्यातले काही जण मागून हाक मारतात.

कागदावर असते जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी. एकूण गुण ४०. आठपासून पुढे धोका धरायचा, सोळा ते एकोणीस असतील तर समुपदेशन करायचं आणि पुढेही लक्ष ठेवायचं, वीस किंवा जास्त असतील तर तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवायचं.

"रोज घेता?"

"छे हो. शनिवारी. मधे एखाद्या बुधवारी. एकच क्वार्टर."

'एकच' हा शब्द मी हजारदा ऐकला असेल. त्यात लबाडी नसते. त्याच्या लेखी ती खरंच एक वस्तू आहे, एक बाटली. म्हणून मी सिस्टरकडून औषधाचे प्लॅस्टिकचे छोटे कप आणते, ३० मिलीचे. रिकाम्या क्वार्टरइतकं, म्हणजे १८० मिली, पाणी घेऊन त्याच्यासमोर लॉकरवर एकेक भरते. सहा भरतात. ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूच्या अशा एका कपात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि तेच आपल्याकडे एक माप धरतात. यादीतला तिसरा प्रश्नच असा आहे, की एका बैठकीत सहा किंवा जास्त मापं किती वेळा होतात?

तो त्या सहा कपांकडे बराच वेळ बघत होता. मी काही बोलले नाही. या कामात सगळ्यात अवघड हेच आहे. यकृत, अपघात, मुलांचं शिक्षण, सगळं भाषण जिभेवर तयार असतं आणि ते गिळावं लागतं. मी एक कारण दिलं, की तो त्यावर एक उत्तर देणार, आणि मग दारूची बाजू घेऊन बोलायचं काम मी त्याच्याकडे सोपवलेलं असणार.

गुण झाले सतरा. ते त्याला सांगितले, त्यांचा अर्थ सांगितला. मग एक ते दहाची पट्टी छापलेलं कार्ड त्याच्यापुढे धरलं. "दारू कमी करावी असं तुम्हाला मनातून किती वाटतं? एक म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पक्कं."

त्याने बोट चारावर ठेवलं. नखात अजून रक्त वाळलेलं होतं.

इथे प्रत्येकाच्या तोंडात येतं, 'चारच का?' ते विचारायचं नाही. विचारायचं ते उलट. "चार म्हणालात. दोन का नाही म्हणालात?"

तो गोंधळला. मग हळू आवाजात म्हणाला, "शनिवारी मी दारात चपला काढल्या, की पोरगी टीव्ही बंद करून आत जाते. आवाजावरून ओळखते."

मी फक्त म्हटलं, "आवाजावरून." तो पुढे बोलत गेला. बाइकचे हप्ते, सुपरवायझरने एकदा गेटवरून परत पाठवलेलं. यातलं एकही कारण मला ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी माझ्या तोंडून त्याला ते लागलं नसतं. शेवटी काय जमेल ते त्यानेच ठरवलं. क्वार्टर घ्यायची नाही. प्यायचीच वेळ आली तर गाडी कंपनीत ठेवून यायचं. मी ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहिलं आणि एक प्रत त्याच्या खिशात दिली.

सगळं मिळून बारा मिनिटं लागली. एवढ्याने काय होतं, असं डॉक्टरसुद्धा विचारतात. १९९९ मध्ये सिअ‍ॅटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातला अभ्यास प्रसिद्ध झाला. जखमी होऊन आलेल्यांशी तिथे एकदाच, अर्धा तास बोलले होते. वर्षानंतर त्या गटाचं पिणं आठवड्याला सुमारे २२ पेयांनी घटलेलं दिसलं. ज्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं, त्यांचं सुमारे सातने. पण इंग्लंडमध्ये नऊ आपत्कालीन विभागांत झालेल्या 'सिप्स' या चाचणीत समुपदेशन हे नुसतं पत्रक आणि गुण हातात देण्यापेक्षा सरस ठरलं नाही. दोन्ही निकाल मला महत्त्वाचे वाटतात. नुसतं नीट विचारणं, आकडा समोर ठेवणं, यानेही काही हलत असेल, तर ते आपल्या कॅज्युअल्टीत एकाही खाटेवर चुकता कामा नये. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून जास्तीत जास्त चार बैठकींचं समुपदेशन करून पाहिलं. २०१७ च्या त्यांच्या निकालात तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटात २६ टक्के. म्हणजे यासाठी मोठ्या पदव्या लागत नाहीत. माणूस नेमावा मात्र लागतो, आणि तो रविवारी सकाळी तिथे असावा लागतो. आमच्याकडे हे पद दरवर्षी करारावर लोंबकळतं, याचा मला मनापासून राग येतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात पाच कोटींहून जास्त माणसांना दारूमुळे उद्भवणाऱ्या प्रश्नांसाठी मदतीची गरज आहे. त्यातले बहुतेक व्यसनमुक्ती केंद्राची पायरी कधीच चढत नाहीत. टाके घालायला मात्र येतात.

पलीकडच्या खाटेवरचे काका वेगळे होते. साठीचे, जिन्यावरून पडलेले. चहाचा कप धरताना हात इतका थरथरत होता, की सिस्टरने पाजला. "झालं ते झालं, आजपासून बंद," ते मला म्हणाले. अशा वेळी 'शाब्बास' म्हणणं धोक्याचं असतं. रोज सकाळी उठल्या उठल्या लागणाऱ्या माणसाने एकाएकी सोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. मी यादी बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. काकांना ग्लुकोज लावण्याआधी थायामिन दिलं, मानसोपचार विभागाला निरोप गेला. तिथे माझी बारा मिनिटं उपयोगाची नव्हती.

वेल्डरच्या बायकोशी बोलले ते बाहेर बाकावर. ती पूर्ण वेळ हेल्मेट मांडीवर घेऊन बसली होती. शपथ घेतली का, हा तिचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. तिला १४४४६ हा व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनचा क्रमांक लिहून दिला आणि तिची स्वतःची विचारपूस केली. तिने रात्रीपासून काही खाल्लेलं नव्हतं.

शुक्रवारी तो टाके काढायला आला. ड्रेसिंग झाल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बसला नाही.

"काल घेतली," तो म्हणाला. "नाइंटी. गाडी कंपनीत ठेवून चालत आलो."

मी त्याचा कागद काढला, तारीख घातली, आणि पुढे लिहिलं, ३ कप. तो वाकून बघत होता. "मागच्या शनिवारचे सहा पण लिहा ना वर," म्हणाला.