परसातले पंचांग

भिंतीवरचे पंचांग सर्वांनाच वाचता येते. मृग नक्षत्र कधी लागते, वसंत केव्हा सुरू होतो, हे त्यात छापलेलेच असते. पण तुमच्या घरामागच्या परसात, चाळीच्या अंगणात किंवा शाळेच्या बागेतही एक पंचांग उघडे पडलेले असते. त्याची पाने कोकिळ, सरडा, अळी, बेडूक आणि चतुर उलटत असतात. ते छापलेले नसल्यामुळे ज्याचे त्याने डोळ्यांनी वाचावे लागते, एवढेच.

पुण्याजवळच्या एका साध्या परसात मी ते गेली कित्येक वर्षे वाचत आलो आहे. एक कढीलिंब, एक लिंबाचे झाड, जास्वंदीचे कुंपण, कोपऱ्यात पाचोळ्याचा ढीग आणि धुण्याच्या दगडापाशी साचणारे पाणी, एवढेच तेथे आहे. एवढ्याशा जागेत काय दिसणार, असे तुम्ही म्हणाल. तर चला, चैत्रापासून सुरुवात करू.

चैत्र-वैशाख : प्रकाशाचे घड्याळ

फाल्गुन सरता सरता कोकिळ बोलू लागतो. हिवाळ्यात तो कोठे गेला होता? बहुधा कोठेच नाही. तो जवळपासच्या झाडांतच होता. पण गप्प होता, म्हणून आपल्याला दिसला नाही. 'कुहू कुहू' करणारा काळा पक्षी हा नर. मादी तपकिरी आणि ठिपकेदार असते आणि तिचा आवाज 'किक् किक्' असा तुटक असतो. याच दिवसांत काळापांढरा दयाळ पक्षी भल्या पहाटे शीळ घालू लागतो. कुंपणावरच्या सरड्याचे डोके आणि गळा लालभडक होतो. तो माणसाचे रक्त ओढतो, अशी समजूत करून घेऊन मुले त्याला दगड मारतात. पण त्या रंगाचा रक्ताशी काही संबंध नाही. तो विणीच्या हंगामातला रंग आहे : मादीला आमंत्रण आणि दुसऱ्या नराला इशारा.

आता प्रश्न असा, की गाण्याची वेळ झाली हे दयाळला कोण सांगते? पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे ११ तासांचा असतो, तर जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा होतो. दिवस मोठा होऊ लागला की त्याचा परिणाम पक्ष्याच्या मेंदूवर होतो. तेथून शरीरातील संप्रेरकांना चालना मिळते आणि पक्षी गाऊ लागतो. हे परसातले पहिले घड्याळ. ते कधीच मागेपुढे होत नाही.

परंतु कोकिळेचे काम एवढ्याने भागत नाही. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. तेव्हा कावळ्याने घरटे बांधले, की तिची वेळ आली! एका प्राण्याचे पंचांग दुसऱ्याच्या पंचांगाला असे बांधलेले असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मृग : पावसाचे घड्याळ

पहिला जोरदार पाऊस पडून गेलेली संध्याकाळ आठवा. दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते आणि सकाळी ओटीवर नुसत्या पंखांचा खच दिसतो. ही पंख फुटलेली वाळवी. पावसाने माती मऊ होते, म्हणजे नव्या जोडीला बीळ करणे सोपे जाते. हवा दमट असते, म्हणजे त्यांची नाजूक शरीरे वाळत नाहीत. सगळ्या एकाच वेळी बाहेर का पडतात? कोतवाल, कावळे, पाली, बेडूक यांनी पोटभर खाल्ले तरी काही जोड्या उरल्याच पाहिजेत, म्हणून.

त्याच दिवसांत ओल्या मातीवर मखमली लाल मृगाचा किडा चालताना दिसतो. त्याला हातावर घेऊन पाय मोजा. सहा नव्हे, आठ भरतील! म्हणजे हा 'किडा' कीटक नसून कोळ्याच्या नातलगांपैकी आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीत काढतो. लहानपणी तो दुसऱ्या कीटकांच्या अंगाला चिकटून जगतो. मोठा झाल्यावर मातीतले बारीक जीव आणि त्यांची अंडी खातो. मोजून झाले की त्याला परत मातीवर सोडा, बाटलीत भरू नका.

रात्री धुण्याच्या दगडापाशी खरबरीत अंगाचा भेक ओरडू लागतो. चार दिवसांनी डबक्यात काळ्या मण्यांच्या माळेसारखी अंडी दिसतात. त्यांतून निघालेल्या पिल्लांना पाय फुटून ती बाहेर पडेपर्यंत काही आठवडे डबके टिकले पाहिजे. मध्येच पावसाने दडी मारली, की सारी पिल्ले चिखलात सुकून जातात. पावसाचे घड्याळ हे असे बेभरवशाचे!

बेडकाचे मोल आपल्याला उशिरा कळले. शेतातल्या मोठ्या बेडकांच्या तंगड्या एके काळी आपल्या देशातून परदेशी पाठवल्या जात. शेतातले किडे खाणारा प्राणीच असा नाहीसा होऊ लागल्याने १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली.

श्रावण-भाद्रपद : अन्नाचे घड्याळ

पावसाने कढीलिंबाला कोवळी पालवी फुटते. काळे-पिवळे लिंबाचे फुलपाखरू नेमके याच पानांवर एकेक अंडे ठेवून जाते. त्यातून निघालेली अळी पाहा. पक्ष्याची विष्ठाच पानावर पडली आहे, असे वाटेल! ती विष्ठा कोणता पक्षी खाईल? मोठी झाल्यावर मात्र ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगे बाहेर येतील आणि उग्र वास सुटेल. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा हा प्रवास साधारण महिन्याभरात पुरा होतो.

एवढे करूनही बऱ्याच अळ्या वाचत नाहीत. त्याच सुमारास जवळच्या रुंद पानांना कापसाने आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी टाके घालून शिंपी पक्ष्याने घरटे केलेले असते. चोचीत अळी घेऊन नर-मादी आळीपाळीने आत जातात. एक पान मागे सारून दिवसभरातल्या या फेऱ्या मोजा. बोटे अपुरी पडतील. फुलांतला मध पिणारा चिमुकला शिंजीरसुद्धा पिल्लांना मध पाजून वाढवत नाही. त्यांना किडे आणि कोळीच लागतात, कारण वाढत्या शरीराला प्रथिने हवीत.

आता समजा, 'कढीलिंबाची पाने कुरतडली' म्हणून घरात कोणी झाडावर औषध फवारले. अळ्या मेल्या, पाने वाचली. पण शिंप्याच्या पिल्लांचे ताट आपण उचलून नेले, हे कोणाच्या ध्यानात येते? आणि ती पाने तरी पावसाळ्यात आपोआप पुन्हा फुटणारच होती!

आश्विन ते माघ : पाहुण्यांचे दिवस

पाऊस ओसरू लागला की पिवळसर चतुरांचे थवे परसावर तरंगताना दिसतात. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत हे वाढतात. दर ऑक्टोबरात असे लाखो चतुर मालदीव बेटांवर उतरतात. तेथे त्यांना अंडी घालण्याजोगे गोडे पाणी जवळजवळ नाही. मग ते येतात कोठून? भारतातून निघून समुद्रावरून ते पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडले. तुमच्या कुंपणावर टेकलेला चतुर अशा प्रवासाचा वाटसरू असू शकेल.

इकडे आपल्याकडे उत्तरेचे पाहुणे येतात. शेपूट सारखी वरखाली हलवणारा धोबी पाण्याच्या कडेने चालू लागतो. आंब्याच्या पानांआड वटवट्या किडे शोधू लागतो. शिंजीर नराने आपला चकचकीत जांभळा पोशाख उतरवलेला असतो. पिवळ्या पोटावर मधोमध एक गडद पट्टा तेवढा उरतो. उन्हाळा जवळ आला की तो पुन्हा जांभळा होतो आणि पंचांगाचे पान पूर्ण उलटते.

घड्याळे जुळली नाहीत तर?

म्हणजे परसात तीन घड्याळे चालतात : प्रकाशाचे, पावसाचे (थंड देशांत उष्णतेचे) आणि अन्नाचे. ती एकमेकांशी जुळली तरच पिल्ले जगतात. हॉलंडमधला काळापांढरा माशीमार पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि दिनमानाच्या खुणेवर परत निघतो. पण हॉलंडचा वसंत अधिक उबदार होत गेला आणि झाडांवरच्या अळ्या लवकर येऊन संपू लागल्या. पक्षी पोचेतो ताट रिकामे! ज्या रानांत अळ्या सर्वांत लवकर येत, तेथे सुमारे दोन दशकांत हे पक्षी जवळजवळ ९० टक्क्यांनी घटले, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. हे कळले कशाने? कोणीतरी वर्षानुवर्षे तारखा लिहून ठेवल्या होत्या, म्हणून.

तुमची वही

अशा तारखा लिहायला प्रयोगशाळा लागत नाही. १९३० मध्ये सलीम अली यांना नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीम येथे राहत असताना ते सुगरणीची घरटी रोज पाहत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी ते तपासून पसंत करते, मग नर ते पुरे करून दुसरे घरटे आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे त्यांनी त्यातून उलगडले.

तुम्हीही एक वही करा. तारीख, वेळ, पाऊस पडला का, काय दिसले आणि ते काय करत होते, अशी पाच घरे पाडा. कोकिळेची पहिली हाक, वाळवीचे पहिले उड्डाण, कढीलिंबावरची पहिली अळी, पहिला धोबी, या चार तारखा दर वर्षी न चुकता नोंदवा. शिक्षकांनी वर्गाची एक सामाईक वही ठेवली आणि ती पुढच्या वर्गाकडे सोपवत नेली, तर दहा वर्षांत शाळेपाशी खरोखरीचा शास्त्रीय ठेवा जमेल.

आणि आणखी दोन गोष्टी करा. एका कोपऱ्यातला पाचोळा झाडू नका, आणि कढीलिंबाच्या दोन फांद्या अळ्यांसाठी राखून ठेवा. शिंपी पक्षी त्यांचा हिशेब बरोबर ठेवील.