दुर्बिणीवरचे दव वरून पडत नाही

मराठीत दव ‘पडते’. पाऊस पडतो, गारा पडतात, तसेच दव. त्यामुळे ते आकाशातून खाली येते असे सहज वाटून जाते. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन रात्र जागवणाऱ्यांना हा समज महागात पडतो. मध्यरात्रीच्या सुमारास गुरू धूसर होतो, त्याचे चंद्र दिसेनासे होतात, मृगातला तेजोमेघ पुसट होतो. कोणीतरी म्हणते, ढग आले वाटते. मान वर करावी तर आकाश लख्ख असते. ढग आलेला असतो तो नेत्रिकेवर, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतात तिथल्या छोट्या, बदलता येणाऱ्या भिंगावर. हौशी मंडळी त्याला आयपीसच म्हणतात.

मग खिशातून रुमाल निघतो. पाणी वरून पडले असेल तर पुसले की काम झाले, हा त्यामागचा हिशेब. पण पुसलेली काच पाच-दहा मिनिटांत पुन्हा पांढरी होते, पुन्हा रुमाल निघतो, आणि पहाटेपर्यंत भिंगावरच्या नाजूक लेपावर बारीक ओरखड्यांची जाळी तयार झालेली असते. काचेवर ओलाव्यात मिसळलेली धूळ असते आणि कोरड्या रुमालाखाली ती पॉलिश पेपरसारखी घासली जाते. दवाने रात्र वाया जाते. रुमालाने भिंग जाते.

महाराष्ट्रात आकाशदर्शनाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात आणि उन्हाळ्यात धुरकट हवा असते. त्यातही अमावास्येच्या आसपासचा शनिवार गाठून वांगणी-नेरळकडे किंवा मावळातल्या एखाद्या माळावर जायचे, तर अशा रात्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मिळतात. यातली एक जरी दवाने खाल्ली तरी चुटपुट लागते. म्हणून दव का जमते हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

हवेत पाण्याची वाफ किती मावते, हे तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते, तर १५ अंशांना जेमतेम १३ ग्रॅम. हवा थंड होत गेली की एका तापमानाला ती वाफेने पूर्ण भरते. हे तिचे दवबिंदू तापमान. समजा, रात्री हवा १५ अंशांवर आहे आणि आर्द्रता ८५ टक्के आहे. अशा हवेचे दवबिंदू तापमान साडेबारा अंशांच्या आसपास येते. म्हणजे एखादी वस्तू हवेपेक्षा फक्त अडीच अंशांनी थंड झाली, तर तिच्यावर पाणी धरू लागते.

पण काच हवेपेक्षाही थंड कशी होईल? या प्रश्नाचे उत्तर एका डॉक्टरने शोधले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात काम करणारे विल्यम चार्ल्स वेल्स यांनी रात्री-रात्री बागेत बसून लोकरीचे छोटे पुंजके उघड्यावर ठेवले आणि किती पाणी धरले ते तोलून पाहिले. टेकूवर ठेवलेल्या फळीच्या वर एक पुंजका, फळीखाली एक. वरच्याने जास्त पाणी घेतले. यावरून दव वरून पडते असेच कोणी म्हणेल. म्हणून वेल्स यांनी दोन्ही बाजूंनी उघडे, उभे नळकांडे घेतले आणि त्याच्या मधोमध लोकर ठेवली. डोक्यावरचे आकाश मोकळेच होते, तरीही आतल्या लोकरीवर बाहेरच्यापेक्षा फारच कमी दव जमले. पावसासारखे ते पडत असते, तर असे झाले नसते. १८१४ साली त्यांचा दवावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले.

त्यांचा निष्कर्ष असा: प्रत्येक वस्तू रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपाने बाहेर टाकत असते. भिंत, झाड, ढग यांच्याकडून तिला तशीच उष्णता परत मिळते. निरभ्र आकाशाकडून मात्र फारच थोडी मिळते. खर्च जास्त, जमा कमी. त्यामुळे आकाशाकडे तोंड करून बसलेली वस्तू भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते आणि मग हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. सकाळी उघड्यावरच्या गाडीचा टप ओला आणि झाडाखाली लावलेल्या गाडीचा कोरडा, हा अनुभव गावोगावी येतो, त्याचे कारणही हेच. दुर्बिणीचे तर कामच मुळी रात्रभर निरभ्र आकाशाकडे तोंड करून राहण्याचे.

वेल्स यांचे नळकांडे आज प्रत्येक हौशी खगोल अभ्यासकाच्या सामानात असते. त्याला ड्यू शील्ड म्हणतात. योगा मॅटचा तुकडा किंवा काळा जाड कागद दुर्बिणीच्या तोंडाभोवती गुंडाळायचा आणि तोंडाच्या व्यासाच्या दीड ते दोनपट पुढे काढायचा, एवढेच. भिंगाला दिसणारे आकाश त्यामुळे आक्रसते आणि ते उशिरा थंड होते. ज्या दुर्बिणींचे भिंग किंवा काच अगदी तोंडाशी असते, त्यांना याची गरज सर्वाधिक. आरसा घासून घरी बनवलेल्या न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने तो आपोआप बचावतो. वरचा छोटा आरसा मात्र ओला होऊ शकतो.

नेत्रिकेची गोष्ट वेगळी आहे. ती छोटी असल्याने लवकर थंड होते आणि बहुतेक वेळा तिचेही तोंड वरच असते. पण तिच्यावर दुसऱ्या बाजूनेही हल्ला होतो. डोळ्याचा पृष्ठभाग सुमारे ३४ अंशांवर असतो आणि कायम ओला. असा उबदार, दमट डोळा थंडगार काचेपासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर आला, वर भोवती रबरी कड असली, की मधल्या बंदिस्त हवेतली वाफ काचेवर जमते. त्यात उच्छ्वासाची भर. थंडीमुळे मफलर नाकावरून घेतलेला असेल तर श्वास खाली न जाता वर, थेट नेत्रिकेवर येतो. करोनाकाळात मास्क लावून ज्यांच्या चष्म्यावर वाफ धरत होती, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मफलर हनुवटीपर्यंत उतरवणे आणि पाहताना क्षणभर श्वास रोखणे, हा पहिला आणि फुकटचा उपाय.

दुसरा उपायही फुकटचाच. दोन-तीन नेत्रिका असतील, तर वापरात नसलेली झाकण लावून जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवायची. शरीराच्या उबेने ती दवबिंदूच्या वर राहते. पहिली धूसर झाली की अदलाबदल. झाकण मात्र हवेच, नाहीतर खिशातले धागे आणि घामाचा दमटपणा भिंगावर येतो. दुर्बिणीजवळ कोणी नसताना नेत्रिकेवर साधी कानटोपी घालून ठेवली, तरी तिचे आकाशाकडे उष्णता टाकणे थांबते.

शाळेच्या सहलीत पन्नास मुले रांगेत असतील, तर मात्र खिसा पुरत नाही. तिथे उबेची पट्टी लागते. नेत्रिकेभोवती गुंडाळायच्या अशा पट्ट्या तयार मिळतात, आणि हातात सोल्डरिंगची कला असेल तर घरीही होतात. ३३० ओहमचे, एक वॅट क्षमतेचे पाच रेझिस्टर समांतर जोडून १२ व्होल्टची बॅटरी लावली, की एकूण सव्वादोन वॅटच्या आसपास उष्णता मिळते. नेत्रिकेला ती पुरते. पट्टीवरून कापड गुंडाळले की ऊब वाया जात नाही. घरच्या यूपीएसमध्ये असते तशी ७ अँपिअर-अवरची बॅटरी असेल, तर दहा तासांत तिच्यातले दोन अँपिअर-अवरही खर्च होत नाहीत. मोठ्या दुर्बिणीच्या तोंडाशी दहा वॅटची पट्टी लावली, तर हीच बॅटरी पहाटेआधी मान टाकते. म्हणून तिथे आधी नळकांडे, मग वीज.

ऊब जास्त झाली तर पाहण्याची मजाच जाते. काचेला हवेपेक्षा एखाद-दोन अंश वर ठेवायचे असते, तापवायचे नसते. तापलेल्या भिंगाजवळची हवा हलू लागते आणि शनीची कडी पाण्याखाली असल्यासारखी लहरतात. पट्टी दव धरण्याआधी, संध्याकाळीच सुरू करावी. धरलेले दव उडवायला जास्त उष्णता लागते, न धरू द्यायला थोडी पुरते. हेअर ड्रायर वापरलाच तर कमी उष्णतेवर, लांबून आणि थोडा वेळच. पण त्यासाठी ओल्या गवतावरून घरगुती विजेची वायर ओढत नेणे जिवावर बेतू शकते. माळावर १२ व्होल्टची बॅटरीच बरी.

आणखी एक, रांगेतल्या मुलांसाठी. डोळे आलेल्याने नेत्रिकेला डोळा लावू नये आणि रबरी कड मधूनमधून पुसून घ्यावी. पुसायची ती कड, काच नव्हे.

सर्वात मोठे नुकसान मात्र घरी परतल्यावर होते. दमलेली मंडळी ओल्या नेत्रिकांना झाकणे लावून डबा बंद करतात आणि तो पुढच्या महिन्यात उघडतात. महाराष्ट्राच्या, त्यातही कोकणाच्या हवेत एवढा वेळ बुरशीला पुष्कळ झाला. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू भिंगाच्या लेपावर पसरतात. त्यांतून स्रवणारी आम्ले लेप आणि पुढे काचही खातात. बुरशी काढता येते, खाल्लेली काच भरून येत नाही. म्हणून ओले झालेले भिंग घरात झाकण काढून, तोंड खाली तिरके करून, पूर्ण सुकेपर्यंत ठेवावे. कोरडे पण गार असलेले भिंग याच्या उलट हाताळावे. ते माळावरच डब्यात बंद करावे आणि घरात खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डबा उघडू नये, नाहीतर फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखे ते घामेजते. दोन्ही सुकल्यावर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला, की त्या बदलाव्यात किंवा मंद आचेवर सुकवून पुन्हा वापराव्यात.