ढगातील गारा कशा ओळखतात?

वळवाच्या दिवसांत दुपार कलू लागली की बेळगाव-खानापूरच्या आकाशात ढगांचे मनोरे चढू लागतात. त्यांतील कोणता नुसताच गडगडून विरेल आणि कोणता आंबा-काजूच्या बागांवर गारा ओतेल, हे जमिनीवरून सांगणे अवघड. हवामानशास्त्रज्ञ त्यासाठी उपग्रह आणि डॉप्लर रडार या दोहोंचा आधार घेतात.

सुमारे ३६ हजार किलोमीटरवरील इन्सॅट उपग्रहाला ढगाचे केवळ छप्पर दिसते. मात्र त्या छपराचे तापमान बोलके असते. माथा झपाट्याने थंड होत उणे ६० अंशांखाली गेला आणि ऐरणीसारख्या सपाट पसाऱ्यातून एखादा घुमट वर डोकावला, तर आतील ऊर्ध्वप्रवाह अतिशय प्रबळ आहे असे समजावे. गारेला वाढण्यासाठी हाच प्रवाह लागतो. शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या जलबिंदूंमध्ये तो तिला तोलून धरतो आणि तिच्यावर बर्फाची पुटे चढत जातात.

ढगाच्या पोटात डोकावते ते रडार. परत आलेल्या लहरींची तीव्रता ५५ डीबीझेडपलीकडे गेली की गारांचा संशय येतो. पण निव्वळ आकड्यावर विसंबणे धोक्याचे, कारण पावसाचे टपोरे थेंबही मोठा आकडा दाखवतात. खरी कसोटी उंचीची. आपल्याकडे उन्हाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. प्रबळ प्रतिध्वनी तिच्याही बराच वर टिकून असेल तर तेथे गारा असण्याचा संभव वाढतो. द्वि-ध्रुवीकरण पद्धतीच्या रडारला आणखी एक खूण सापडते: मोठा थेंब पडताना चपटा होतो, गार मात्र गडगडत येते.

पणजीच्या रडारपासून बेळगाव सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर. मध्ये सह्याद्री उभा असल्याने सर्वांत खालचा किरण घाटमाथ्यावर अडू शकतो. त्यामुळे गारा तयार होताना दिसतात, पण जमिनीवर काय पोहोचले ते दिसत नाही. लहान गारा तर उष्ण हवेतून उतरताना वाटेतच वितळतात. किनारपट्टीवर गारपीट विरळ असण्याचे हे एक कारण.

शिवाय एकेका मेघाचे आयुष्य अनेकदा तासाभराचेही नसते. म्हणूनच हवामान विभागाचा तात्कालिक इशारा जेमतेम तीन तासांपुरता असतो. सकाळी पाहिलेला इशारा दुपारच्या वादळाबद्दल काहीच सांगत नाही. तो दुपारी पुन्हा पाहावा लागतो.